ओटीचा दगड आणि निळी रेघ

दारव्ह्याला आमच्या गल्लीत पुराचं पाणी येत नाही. नळाचंच येत नाही, तर नदीचं कुठून येणार? निवृत्तीनंतर इथे घर बांधायला काढलं तेव्हा गवंड्यानं विचारलं, "साहेब, जोतं किती उचलू?" मी म्हणालो, "तुले वाटन तेवढं." तो माझ्याकडे पाहतच राहिला. पालिकेतला ओव्हरसियर, आयुष्यभर दुसऱ्यांची जोती मोजत फिरलेला माणूस, आणि स्वतःच्या घराचं जोतं गवंड्यावर सोडतो म्हणजे काय! त्याला काय सांगणार? जोतं, पातळी, रेघ या शब्दांचाच मला आता कंटाळा आलाय.

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, नोकरीतले अनुभव लिहा, पण जरा हलकंफुलकं लिहा, दिवाळी आहे. हलकंफुलकं आहे माझ्याकडे, तेही सांगतो. पण ते सांगता सांगता दुसरंही येणारच, त्याला माझा इलाज नाही.

आधी ओव्हरसियर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमच्या सोयऱ्यांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. इंजिनियर कागदावर सही करतो, गवंडी भिंत बांधतो आणि या दोघांच्या मधे हातात टेप घेऊन जो उन्हात उभा असतो तो ओव्हरसियर. नाली तुंबली की शिव्या त्याला आणि नाली झाली की फीत कापायला दुसराच कोणी. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं ज्या गावात गेली ते महागाव ते ढाणकी या पट्ट्यात कुठेतरी आहे असं समजा. नाव सांगत नाही. त्या गावच्या माणसांना दोन परिच्छेदांत कळेलच.

गावाच्या खालच्या अंगाला नदी आहे आणि नदीकाठच्या वस्तीला नदीपुरा म्हणतात. नदी तशी लहान. उन्हाळ्यात म्हशीसुद्धा तिच्यात गुडघ्याच्या वर भिजत नाहीत. पण पुढे जाऊन ती पैनगंगेला मिळते, आणि पैनगंगा भरली की हिला जायला जागाच राहत नाही. मग पाणी उलटं फुगत फुगत गावाकडे येतं. त्यात धावणारा लोंढा वगैरे काही नसतो. बशीतला चहा कडेपर्यंत यावा तसं ते शांतपणे वर चढतं आणि नदीपुऱ्यातल्या घरांत शिरून बसतं.

त्या वर्षी आमच्या मुख्याधिकारी मॅडम नव्या होत्या, वयानं लहान होत्या आणि त्यांना खरंच काहीतरी करायचं होतं. तीनही गोष्टी एकाच अधिकाऱ्यात असल्या की ओव्हरसियरनं सावध व्हावं. त्यांचं म्हणणं असं की पूर येऊन गेल्यावर पंचनामे करायचे, शाळेत खिचडी शिजवायची, मदतीसाठी वर कागद पाठवायचे, हे किती वर्षं चालणार? पूर आल्यावर देतो त्यापेक्षा पूर यायच्या आधी द्यावं. त्यांनी सभेत ठराव मंजूर करून घेतला. नदीपुऱ्यात जो कोणी आपल्या घराची जमीन पूररेघेच्या वर उचलेल, विजेचं मीटर छातीच्या वर नेईल आणि दाराच्या चौकटीला फळ्या सरकवायच्या खाचा करून घेईल, त्याची घरपट्टी पाच वर्षं निम्मी. शिवाय दारावर लावायला पालिकेची निळी पाटी, 'पूर-सुरक्षित घर'. मोजायचं मी आणि दाखला द्यायचा मी.

योजना चांगली होती. आजही म्हणतो, चांगलीच होती.

घरपट्टीपेक्षा लोकांना पाटीचं वेड लागलं. एका भल्या माणसानं पाटी घेतली आणि चौकातल्या आपल्या पानठेल्यावर ठोकली. मी म्हणालो, "अरे, हा ठेला तर चाकावर हाय." तो म्हणाला, "म्हणूनच त सुरक्षित हाय साहेब. पाणी आलं का ढकलून नेतो." चाकांबद्दल नियमात काही नव्हतं. पाटी मात्र मी काढून आणली. दुसरे एक हॉटेलवाले होते. त्यांनी खर्च वाचवायला जमीन तशीच ठेवली आणि फक्त उंबरठा गुडघाभर उंच बांधला. गिऱ्हाईक आत येताना पाय उचलून यायचं, चहा पिऊन जाताना विसरायचं आणि तोंडावर पडायचं. मी त्यांना समजावलं की पाणी मोरीतून आत येईल आणि या उंबरठ्यामुळे बाहेर जाणार नाही, तुमचं हॉटेल हौद होईल. ते म्हणाले, "तुमी पाटी द्या, हौदाचं माह्यं मी पाह्यतो." दिली नाही. वर्षभर त्यांनी मला फुकट चहा पाजणं बंद केलं.

मोजायची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पातळी मोजायचं मोठं यंत्र पालिकेकडे होतं, पण त्याच्या तिवईचा एक पाय मोडलेला होता आणि दुरुस्तीचा कागद कुठल्यातरी टेबलावर मुक्कामाला होता. मी गवंड्यांची पाण्याची नळी वापरायचो. पारदर्शक, लांबलचक प्लास्टिकची नळी घ्यायची आणि पाणी भरायचं. एक टोक इथे, दुसरं टोक तिथे. मधे उकिरडा असो, चढ असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. एक टोक पुराच्या खुणेपाशी धरलं की दुसऱ्या टोकाला, माणसाच्या घरात, त्याच्या भिंतीवर, पूर कुठपर्यंत येणार ते कोरड्या दिवशी दिसतं. गल्ली लांब असेल तर टप्प्याटप्प्यानं पुढे जायचं. उचलून नेताना टोकावर अंगठा दाबून ठेवायचा, नाहीतर पाणी सांडतं आणि माप चुकतं. माझी एक सवय होती. घराकडचं टोक मी घरमालकाच्या हातात द्यायचो. आपल्या हातात, आपल्या भिंतीपाशी पाणी थांबलेलं पाहिलं की माणूस भांडत नाही. मग मी निळ्या ऑइलपेंटनं तिथे रेघ मारायचो.

आता पुराची खूण कुठली धरायची? सरकारी नकाशात पूररेषा असते, पण त्या नकाशात आमचा अख्खा नदीपुरा नखाएवढा. त्यावरून एखाद्याचा उंबरठा कसा काढणार? पण गावाकडे स्वतःची खूण होती. नदीकाठच्या महादेवाच्या मंदिराला पायऱ्या आहेत आणि त्यात बाजूला बसवलेला एक काळा दगड आहे, कुंकवानं लाल झालेला. त्याला ओटीचा दगड म्हणतात. पाणी चढत चढत त्या दगडाला लागलं की नदीपुऱ्यातल्या बाया नारळ, खण, तांदूळ घेऊन जातात, दगडाला कुंकू लावतात, नदीची ओटी भरतात आणि माघारी जा म्हणून तिला हात जोडतात. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एकच गोष्ट होती, आमच्या लहानपणच्या सगळ्यात मोठ्या पुरात पाणी त्या दगडाला टेकून उभं होतं. ज्याला विचारावं तो हेच सांगे. कुठल्याच गोष्टीवर एकमत न होणारा नदीपुरा त्या दगडावर एकमत होता. मॅडमना मी दगड दाखवला. त्यांनीही मान डोलावली. दगडाच्या डोक्यावर वीतभर जास्तीची उंची धरायची आणि तिथे रेघ मारायची, असं ठरलं.

कौशल्याबाईंचं घर गल्लीच्या मधोमध. पुढे पिठाची गिरणी, मागे राहायची खोली. त्या खोलीत त्यांचे मालक नामदेवराव बाजेवर पडून असत. लकव्यानं एक अंग गेलेलं, बोलणंही गेलेलं. गिरणी, शेण, स्वयंपाक, मालकाचं सगळं, हे त्या एकट्या बघायच्या. मूलबाळ नव्हतं. आधीच्या काही वर्षांत पाणी दोनदा ओटीच्या दगडाला लागलं होतं. दोन्ही वेळा चार माणसांना हात जोडून त्यांनी मालकाची बाज उचलून वरच्या शाळेत नेली होती. दोन्ही वेळा पाणी अंगणापर्यंत येऊन परत गेलं होतं.

मी नळी घेऊन गेलो तेव्हा त्या पीठ भरल्या हातांनीच बाहेर आल्या. योजनेचं सांगायला लागलो तर म्हणाल्या, "घरटॅक्सचं जाऊ द्या साहेब. मले एकच सांगा. ह्या रेघीच्या वर बांधलं, त ह्यायले उचलून न्या लागन का नाही?"

"नाही लागणार," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं, बाई."

"दोन खेपा नेलं मी ह्यायले. बोलणं गेलं, पन समजते सारं. चौघायनं बाज उचलली का तोंड भिंतीकडे करते आन डोळ्यातून पाणी काढते. शाळेत सारं गाव पाह्यत राह्यते ना." मग त्यांनी नळीचं टोक हातात घेतलं. अंगठा कसा धरायचा ते मी एकदाच सांगितलं. गिरणीवाल्या बाईला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

त्यांनी बांधलं. गिरणीची आणि खोलीची, दोन्हीकडची जमीन उचलली. कुठून आणले पैसे ते मी विचारलं नाही. काम धनसिंगनं केलं. धनसिंग गावाबाहेरच्या तांड्यावरचा, बंजारा समाजातला, नदीपुऱ्यात कामं करणारा सगळ्यात जुना गवंडी. माझ्याच वयाचा. फार बोलायचा नाही आणि त्याच्या भिंतीला ओळंबा लावायची गरज पडायची नाही. पुऱ्यातल्या म्हाताऱ्या बायांना तो आपल्या बोलीत 'याडी' म्हणायचा, म्हणजे आई.

एके दिवशी दुपारी तो ऑफिसात आला. तो कधी ऑफिसात येत नसे. चपला बाहेर काढून माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"साहेब, मले कालच समजलं. तुमी ज्या दगडावून मोजून राह्यले ना, थो दगड मी बसवला हाय."

"बसवला म्हणजे?"

"मंदिराच्या पायऱ्या नव्या केल्या नाही का, बारा-पंधरा वर्सं झाले. तवा सारं उखडलं. थो दगड पहिले वर होता, तीन पायऱ्या वर. फरशी बसवतानी पुऱ्यातल्या चार-पाच याड्या आल्या. म्हणे, धनसिंग, दगड खाली बसव. एकीनं त हातच धरला माहा."

"काहून पण?"

"म्हणे, पाणी घरात शिरल्यावर ओटी भरून काय उपेग? दगड खाली असला का पाण्याले लवकर लागन, ओटी लवकर भरता येईन, आन नदीमाय तिथूनच वापस जाईन. मले बी पटलं. मी बसवला."

मला हसू आलं, हे कबूल करतो. पण धनसिंग हसला नाही. आणि त्या म्हाताऱ्यांचं तरी काय चुकलं? त्यानंतर पाणी दोनदा दगडाला लागलं, दोनदा ओटी भरली गेली आणि दोन्ही वेळा ते माघारी गेलं होतं. मंदिराचं काम पाहिलेली माणसंही दगड तेवढा लक्षात ठेवून होती, त्याची जागा विसरली होती. जुनी खूण तीन पायऱ्या वर होती. तीन पायऱ्या म्हणजे दीड हात. माझ्या सगळ्या रेघा दीड हात खाली होत्या, त्यातून जास्तीची धरलेली वीत तेवढी वजा.

तोवर चाळीसेक घरं मोजून झाली होती. दाखले टाइप झाले होते. परवा पाट्या वाटपाचा कार्यक्रम होता, मंडप ठरला होता, बाहेरगावचे पाहुणे येणार होते. मॅडमची बदली झाल्याची कुणकुण होती. नव्यानं मोजायचं म्हणजे बांधलेली जोती पुन्हा उचला म्हणून लोकांना सांगायचं. लोकांनी मला नदीतच बुडवलं असतं. आणि माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलेली.

"लेखी काही हाय का, धनसिंग?" मी विचारलं.

"साहेब, दगडाले कोन लिहून ठेवते?"

"बरं," मी म्हणालो, "पाहतो."

ज्यांनी कधी सरकारी कचेरीत पाऊल टाकलं नाही त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला हवा. पाहतो म्हणजे पाहणार नाही. धनसिंगलाही तो ठाऊक होता. त्यानं चपला घातल्या आणि गेला. मी फाइल मिटली. परवाचा कार्यक्रम छान झाला. कौशल्याबाईंनी पाटी दोन्ही हातांनी घेतली, जशी प्रसादाची ताटली घेतात तशी.

पुढच्या वर्षी भादव्यात पूर आला. पैनगंगा दोन दिवस भरून होती. सकाळी दहाच्या सुमारास पाणी ओटीच्या दगडाला लागलं. बाया जमल्या, ओटी भरली. त्यात कौशल्याबाईही होत्या. मी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभा होतो, रबरी बूट घालून, गळ्यात पालिकेची शिट्टी अडकवून. नारळ पाण्यात सोडला तो थोडा वेळ तिथेच डुलत राहिला. मग पाणी दगडाच्या डोक्यावरून गेलं. तीन पायऱ्या वर, जिथे दगड मुळात होता, तिथे माझी नजर सारखी जात होती. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळलं असेल की मी पाण्याकडे बघत नाहीये.

गल्लीत शिरलो आणि एकेक दार ठोठावत सुटलो, निघा, निघा. खालची घरं निघाली. पाटीवाली घरं मात्र शांत होती. कौशल्याबाईंनी चौकटीच्या खाचांत फळ्या बसवल्या होत्या, फटींत चिंध्या कोंबल्या होत्या आणि फळ्यांच्या वरून बाहेर बघत उभ्या होत्या. चेहऱ्यावर काळजी नव्हती. खरं तर मी त्यांना इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, नामदेवरावले काढून घ्या," मी म्हणालो.

"काहून? रेघीले अजून हातभर अंतर हाय."

"हाय, पण काढून घ्या."

"तुमीच त म्हनलं होतं, न्या लागत नाही म्हणून. पक्कं म्हनलं होतं."

इथे मला एकच वाक्य बोलायचं होतं. बाई, दगड हलवलेला आहे, रेघ चुकीची आहे. एवढं म्हटलं असतं तर त्या त्याच क्षणी फळ्या काढून माणसं बोलवायला धावल्या असत्या. मी म्हणालो, "वरून आदेश हाय. साऱ्यायनं निघाचं हाय."

त्या हसल्या. "आदेश नदीचा हाय का ऑफिसचा? नदीचा आसन त सांगा, निघतो."

मी शिट्टी वाजवली. पुढच्या दाराकडे गेलो. त्या गल्लीत दारं पुष्कळ होती आणि मला जायला कारण होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि नंतरही सांगत राहिलो.

दुपारी पाणी रेघेवर गेलं. फळ्यांच्या वरून आत पडायला लागलं तसं कौशल्याबाई ओरडायला लागल्या. तोवर गल्लीत छातीएवढं पाणी होतं. धनसिंग तांड्यावरची तीन माणसं घेऊन आला होता, मी पाचवा. फळ्या ओढून काढायला वेळ गेला, कारण खाचा त्यानंच पक्क्या केल्या होत्या. आत बाजेचे पाय बुडाले होते आणि पाणी नवारीला लागून नामदेवरावांच्या पाठीखाली आलं होतं. ते ओले होऊन थरथरत पडले होते आणि छताकडे बघत होते. आम्ही बाज डोक्यावर घेतली. या वेळी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं नाही. डोळे मिटून घेतले.

ते त्या दिवशी वाचले. छातीत सर्दी भरली, दवाखान्यात नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. दिवाळीनंतर गेले. डॉक्टरांनी वयाचं आणि जुन्या दुखण्याचं कारण दिलं. मला कोणी काही बोललं नाही. मी दहाव्याला जाऊन आलो.

मधल्या काळात दुसरंच उपटलं. मदतीसाठी पंचनामे झाले त्यात पाटीवाली घरं नव्हती. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, पालिकेच्याच यादीत ही घरं पूर-सुरक्षित आहेत, तर त्यांत पाणी शिरलं असं कसं लिहायचं? माणसानं डोक्याला हात लावावा अशी ही गोष्ट, पण कागदाच्या बाजूनं पाहिली तर बिनतोड. ज्यांनी पालिकेचं ऐकून घर उंच केलं तेच उपाशी. आता कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं की दाखले चुकीचे आहेत. मॅडम गेल्या होत्या. दाखल्यांवर सही माझी होती.

अहवाल मी लिहिला. तो मला पाठ आहे. 'मोजणीसाठी संदर्भ म्हणून घेतलेला दगड मूळ जागेवरून हललेला असल्याचे पुरानंतर आढळून आले.' यात एकही शब्द खोटा नाही. हललेला म्हणजे कोणी हलवला नाही. आढळून आले म्हणजे कोणी सांगितलं नाही. पुरानंतर हा शब्द मी नंतर मधे घातला. धनसिंगचं नाव घातलं नाही, त्याला त्रास नको म्हणून, असं वाटलं तर समजा. अहवाल मंजूर झाला, सगळ्या घरांना मदत मिळाली आणि नदीपुऱ्यात माझं नाव झालं. स्वतःच्या सहीवर काट मारून गरिबाला न्याय मिळवून देणारा ओव्हरसियर! गणपतीच्या मंडळानं पुढच्या वर्षी शाल दिली. ती कपाटात आहे, घातलेली नाही.

निवृत्तीच्या आधी रेघा नव्यानं मारायचं काम माझ्याच वाट्याला आलं. धनसिंगला बरोबर घेतलं. मंदिराच्या पायरीची एक फरशी त्यानं छिन्नीनं उचलली. खाली जुन्या दगडाची खोबण तशीच होती, चुन्यात बसलेली. त्याच्यात कुंकवाचा रंग अजून धरून होता. तिथून नळी लावली आणि टप्प्याटप्प्यानं गल्लीत आणली. धनसिंग मागचं टोक सांभाळत होता.

कौशल्याबाईंच्या घरी आलो. गिरणी बंद होती, मोटार विकली होती. आतल्या खोलीत बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. भिंतीवर पुराच्या गाळाची रेषा होती, वाळून पिवळट झालेली. पुसली नव्हती. माझी निळी रेघ तिच्या खाली कुठेतरी होती.

मी काही सांगायच्या आत त्यांनी टोक हातात घेतलं आणि भिंतीला लावलं. अंगठा काढला. पाणी वर-खाली झालं, हललं आणि थांबलं. गाळाच्या रेषेवर थांबलं. बोटभराचाही फरक नव्हता.

त्यांनी मोकळ्या हाताचं बोट त्या रेषेवरून फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे हे पहिलेच मोजता आलं असतं."

"हो."

"मंग काहून नाही मोजलं, साहेब?"

धनसिंग बाहेर गल्लीत होता. त्याला ऐकू गेलं असेल, नसेल. त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, हे मला त्यांच्या प्रश्नावरूनच कळलं. इतके दिवस त्यानं माझी लाज राखली होती, आणि मी अहवालात त्याचं नाव गाळून त्याच्यावर उपकार केल्याच्या थाटात फिरत होतो. मी सांगितलं. पायऱ्यांचं सांगितलं, याड्यांचं सांगितलं, धनसिंग ऑफिसात आला होता ते सांगितलं, परवाचा कार्यक्रम होता ते सांगितलं. पुराच्या सकाळी मला ठाऊक होतं तेही सांगितलं. सांगताना मी भिंतीकडे बघत होतो. तोंड भिंतीकडे का करतात ते मला तेव्हा समजलं.

मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. त्यांनी नळीच्या टोकावर अंगठा दाबला, एकदाच शिकवलं होतं तसा नीट, आणि टोक माझ्या हातात दिलं.

"सांडू देऊ नोका," म्हणाल्या. "बाकीची घरं मोजाची हायेत अजून. त्यायले बी सांगा."

बाकीची घरं मी मोजली. चाळीसही घरांत गेलो, टोक ज्याच्या त्याच्या हातात दिलं, नव्या जागी रेघ मारली. प्रत्येक घरात चहा झाला, प्रत्येकानं मदतीचा विषय काढून माझे आभार मानले. त्यांना सांगितलं मात्र नाही. एका घरात तोंड उघडलं होतं, तेवढ्यात पोहे आले.

हा अंक नदीपुऱ्यातल्या वाचनालयातही जातो, असं संपादक बोलता बोलता म्हणाले. म्हणून लिहायला हो म्हटलं.